भाड्याने दिलेले घर: मालकीचा अर्थ आणि मालकाचा धर्म

घर भाड्याने देणारा नेमके काय देतो, हा प्रश्न धर्मशास्त्रकारांना, इस्लामी कायदेपंडितांना म्हणजे फकिहांना आणि युरोपातल्या तत्त्वज्ञांनाही पडलेला आहे. तो घर विकत नाही आणि दानही करत नाही. वस्तू त्याचीच राहते. तिथे राहण्याचा हक्क ठरावीक मुदतीपुरता दुसऱ्याकडे जातो. कागदावरचे नाव एकाचे आणि चूल दुसऱ्याची, अशी ही फारकत आहे. भाडेकरू कोणाला ठेवावा, डिपॉझिटमधून किती कापावे, दुरुस्ती कोणी करायची, जागा रिकामी कधी मागावी, या प्रश्नांवरून मुंबई-पुण्यात जी भांडणे होतात त्यांतली बरीचशी या फारकतीचा अर्थ मनाशी स्पष्ट नसल्यामुळे होतात. मालकाला वाटते, घर माझे म्हणजे घरातले सगळे माझ्या अखत्यारीतले. भाडेकरूला वाटते, पैसे मोजले म्हणजे जबाबदारी संपली. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मात्र मालकाची चूक जास्त नुकसान करते, कारण किल्ली त्याच्याकडे असते.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त घरभाड्याचा विचार ‘धर्मस्थीय’ या तिसऱ्या अधिकरणात, घर-जमिनीच्या वादांसोबत येतो. नियम मोजक्या शब्दांत आहे. जागा सोडायला सांगितल्यावरही जो भाडेकरू हटत नाही त्याला बारा पण (त्या काळचे नाणे) दंड. भाडे भरणाऱ्याला जो मालक हाकलून देतो त्यालाही बारा पणच दंड. मालकाला सूट मिळते ती भाडेकरूने शिवीगाळ-मारहाण, चोरी, दांडगाई, व्यभिचार किंवा जागेचा खोटा उपभोग असे काही केले असेल तरच. उलट भाडेकरू आपल्या मर्जीने मध्येच निघून गेला, तर त्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यायचे. आजच्या करारांत ‘लॉक-इन’ नावाने जे कलम छापलेले असते, त्यामागची कल्पना इतकी जुनी आहे. नारदस्मृती आणखी एक बारकावा सांगते. परक्याच्या जमिनीवर भाडे देऊन घर बांधून राहिलेला माणूस जाताना गवत, लाकूड, विटा बरोबर नेऊ शकतो. भाडे न देता, मालकाच्या मनाविरुद्ध राहिला असेल तर त्याला त्यातले काहीच नेता येत नाही. म्हणजे भाडे भरणाऱ्याचे त्या जागेशी एक न्याय्य नाते तयार होते आणि ते मालकाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहत नाही, हे या ग्रंथांनी मान्य केलेले आहे.

दोन्ही पक्षांना एकच दंड, ही गोष्ट सहज नजरेआड होते. मालकाचा गुन्हा आणि भाडेकरूचा गुन्हा एकाच तराजूत तोलला गेला आहे. शिवाय हाकलण्याची जी कारणे मान्य आहेत ती सगळी वागणुकीची आहेत. भाडेकरू कोणत्या कुळातला, काय खाणारा, यांचा त्या यादीत पत्ता नाही. यावरून तो समाज समतेचा होता असे मात्र कोणी समजू नये. त्याच ग्रंथात नगररचनेच्या प्रकरणात वर्णांना वेगवेगळ्या दिशा नेमून दिल्या आहेत आणि चांडाळांची वस्ती स्मशानाच्या कडेला ठेवली आहे. भाडेकरूची जात विचारण्याची वेळच येऊ नये, अशी सोय आधीच करून ठेवलेली होती.

यापेक्षा खोलवरचा प्रश्न असा, की भाडे घेणे मुळात रास्त का मानायचे? घर एकदा बांधले की मालक दर महिन्याला नवे काही करत नाही, तरी पैसे घेतो. मग व्याज आणि भाडे यांत फरक तो काय? हा प्रश्न इस्लामी धर्मशास्त्राने फार काटेकोरपणे सोडवला, कारण तिथे व्याज निषिद्ध आहे आणि घरभाडे मान्य. फकिहांचे सूत्र असे, की नफा त्याचा ज्याच्या माथी जोखीम. पैसे कर्जाऊ देणाऱ्याची मुद्दल कर्जदाराकडे काहीही झाले तरी शाबूत असते. घरमालकाचे तसे नसते. भिंत कोसळली, छप्पर उडाले तर नुकसान त्याचे, आणि घर राहण्यालायक नसेल तेवढ्या काळाचे भाडेही त्याला मागता येत नाही. भाडे रास्त ठरते ते मालक घराची जोखीम आणि देखभाल आपल्या अंगावर घेतो म्हणून. मुंबईत चालणाऱ्या ‘हेवी डिपॉझिट’ला हे सूत्र लावून पाहिले तर गंमत दिसते. भाडेकरू एकरकमी मोठी ठेव देतो, भाडे जवळजवळ शून्य, आणि मुदत संपली की ठेव परत. हे व्यवहारात भाडे दिसले तरी तर्काने पाहता कर्ज आहे, आणि घरात राहायला मिळणे हे त्या कर्जावरचे व्याज. नाव बदलले म्हणून व्यवहाराचा स्वभाव बदलत नाही.

या सूत्रातून मालकासाठी एक अगदी व्यावहारिक नियम निघतो: दुरुस्ती हा उपकार नव्हे, भाडे घेण्याच्या हक्काचा तो पाया आहे. भारतातला आयकर कायदा नकळत हीच गोष्ट गृहीत धरतो. घरभाड्याचे उत्पन्न मोजताना मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. खर्चाची एकही पावती दाखवावी लागत नाही. महिना २० हजार भाडे असलेल्या फ्लॅटचे वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. मालमत्ता कर क्षणभर बाजूला ठेवला, तर ७२ हजारांवर कर लागत नाही, कारण तेवढा खर्च देखभालीवर होतो असे सरकार मानून चालते. आता जो मालक ही वजावट दर वर्षी निमूट घेतो आणि बाथरूमची गळती दाखवणाऱ्या भाडेकरूला ‘तुम्हीच करून घ्या’ म्हणतो, त्याने खर्च न करताच खर्चाची सवलत खाल्ली. कायद्याच्या भाषेत हा गुन्हा नाही. नीतीच्या भाषेत त्याला दुसरे चांगले नाव सापडणे कठीण आहे.

दुरुस्तीचे व्यावहारिक तत्त्व सोपे आहे. जे घराच्या शरीराचे ते मालकाचे: छत, भिंतीतली ओल, भिंतीतले नळ, वायरिंग, गिझरचा निकामी झालेला कॉइल. जे रोजच्या वापराचे ते भाडेकरूचे: बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, फुटलेली काच. वॉटरप्रूफिंगचे काम मे अखेरपर्यंत व्हायला हवे. जूनमध्ये पहिल्या सरीला छताला डाग पडल्यावर गवंडी शोधायला निघालेल्या मालकाला सप्टेंबरपर्यंत कोणी भेटत नाही, आणि चार महिने ओल भाडेकरूच्या कपाटात राहते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. लेखी नोटीस देऊनही त्याने हात हलवला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून ठरलेल्या मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करू शकतो.

भाड्याचा सगळाच भाग मात्र जोखीम आणि देखभालीने समर्थनीय ठरत नाही. रिकार्डोपासून हेन्री जॉर्जपर्यंतच्या अर्थशास्त्रज्ञांनी एक अडचणीचा मुद्दा मांडला आहे. घराच्या भाड्यात विटा-सिमेंटचा मोबदला असतो तसा ठिकाणाचाही असतो, आणि ठिकाणाची किंमत मालकाने तयार केलेली नसते. दादर स्टेशनच्या पाच मिनिटांवरची खोली आणि तशीच खोली कसाऱ्याला, यांच्या भाड्यातला फरक रेल्वेने, गिरण्यांनी, बाजारांनी, शाळांनी, म्हणजे लाखो लोकांच्या वावराने तयार केला. हेन्री जॉर्जने १८७९ च्या आपल्या ग्रंथात हा वाढावा समाजाचा मानून त्यावर कर घ्यावा असे सुचवले. बायबलमधल्या लेवीय ग्रंथाने याच्या कितीतरी आधी जमिनीची कायमची विक्री नाकारली होती, कारण तिथे जमीन देवाची आणि माणसे तिच्यावरचे उपरे. ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रातला त्यागपूर्वक भोगाचा विचारही याच दिशेचा आहे, आणि गांधीजींनी विश्वस्तवृत्तीचा आधार म्हणून त्याच मंत्राकडे बोट दाखवले.

या विचारांचा घरमालकाने काय उपयोग करायचा? घर सोडून द्यायचे असा अर्थ काढण्याचे कारण नाही. पण बाजारात मिळेल तेवढे भाडे घेणे हा आपल्या कष्टांचाच मोबदला आहे, हा भ्रम तरी त्याने बाळगू नये. शेजारच्या फ्लॅटचे भाडे मेट्रो सुरू झाल्यामुळे पाच हजारांनी वाढले, म्हणून तीन वर्षे वेळेवर भाडे देणाऱ्या कुटुंबाला तेवढीच वाढ सांगणे कायदेशीर असेल. ती आपली कमाई नाही हे ओळखून निम्म्यावर थांबणारा मालक दानशूर ठरत नाही, त्याला हिशेब कळतो एवढेच. शिवाय चांगला भाडेकरू गेल्यावर दीड महिना रिकामे पडलेले घर आणि दलालाला द्यावे लागणारे महिन्याचे भाडे, हा खर्च तो वाढीच्या आशेत धरत नाही.

डिपॉझिट हा या नात्यातला सर्वांत नाजूक भाग. प्राचीन व्यवहारशास्त्रात दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवलेल्या वस्तूचा, निक्षेपाचा, स्वतंत्र विचार आहे. याज्ञवल्क्यस्मृती सांगते, की ठेव राजाने, दैवाने किंवा चोरांनी नेली तर ठेवून घेणाऱ्यावर दोष नाही. पण त्याने ती आपल्या मर्जीने वापरून त्यावर गुजराण केली, तर दंड आणि ठेव व्याजासकट परत. घराचे डिपॉझिट काटेकोरपणे पाहता निक्षेप नाही. रोख रक्कम वापरली जाणार हे दोघांना ठाऊक असते. तरी तुलना उपयोगी पडते. भाडे करारात दोन ठेवी समोरासमोर असतात: भाडेकरूकडे मालकाचे घर आणि मालकाकडे भाडेकरूचे पैसे. भाडेकरूने घर होते तसे परत द्यावे अशी अपेक्षा असेल, तर मालकानेही पैसे होते तसे परत द्यायला हवेत. घराची तपासणी टॉर्च लावून होते, पैशांची मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून बोळवण होते. दोन ठेवींना दोन न्याय लावणारा हा प्रकार महाराष्ट्रातल्या भाडे व्यवहारात सर्रास दिसणारे अन्यायाचे रूप आहे.

घर सोडण्याच्या दिवसाचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. सामान टेम्पोत चढलेले, खोली रिकामी, आणि मालक भिंतीवरून बोट फिरवत खिळ्यांची भोके मोजतो आहे. स्वयंपाकघराच्या टाइलवर तेलाचा डाग, दाराची कडी सैल, बाल्कनीच्या जाळीला गंज. शेवटी आकडा सांगितला जातो: रंगाचे २५ हजार. इथे विचार करायचा तो असा. रंगाचे आयुष्य साधारण पाच वर्षे धरले आणि भाडेकरू तीन वर्षे राहिला, तर त्या रंगातली तीन वर्षे भाड्यातच वसूल झालेली आहेत. भाडेकरूने भिंत खरोखर खराब केली असली, तरी मागणी उरलेल्या दोन वर्षांच्या हिश्श्याची, म्हणजे दहा हजारांची असू शकते. नुसती वापराने झालेली झीज असेल तर काहीच नाही. भाडे हा वापराचाच मोबदला असतो. वापराचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. म्हणून घर देताना प्रत्येक खोलीचे फोटो, पंखे-दिवे-गिझरची यादी, वीज मीटरचे रीडिंग, सगळ्यांवर दोघांच्या सह्या, एवढे केले तर शेवटच्या दिवशी बोट फिरवण्याची वेळ येत नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचवली आहे. तो लागू करणे राज्यांवर सोपवलेले असले, तरी स्वतःपुरता तो पाळायला मालकाला कोणाची आडकाठी नाही.

भाडेकरू कोणाला ठेवायचा, हा सर्वांत जड प्रश्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव नोंदवून अंधाऱ्या माडीवर मुक्काम केला. अकराव्या दिवशी डझनभर माणसे लाठ्या घेऊन दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. ओळखीच्या दोघांनीही घरात घ्यायचे टाळले, आणि परदेशातून शिकून आलेला तो विद्वान बागेत बसून राहिला व रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. ही हकीगत त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिली. तिच्यातला महत्त्वाचा तपशील असा, की अकरा दिवसांत त्यांच्या वागण्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यांच्या असण्याबद्दल.

आज नकार इतका उघड नसतो. दलाल फोनवर आडनाव विचारतो, मग ‘जागा गेली’ असे कळवतो. सोसायटीची एनओसी मिळत नाही. कोणाला आडनावावरून टाळले जाते, कोणाला धर्मावरून, कोणाला ताटातल्या माशावरून, तर कोणाला ती एकटी बाई आहे म्हणून. कायद्याने इथे मालकाचे हात फारसे बांधलेले नाहीत. अहमदाबादेतल्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. संविधानाच्या १५ व्या कलमातला भेदभावाचा निषेध प्रामुख्याने राज्यसंस्थेला बांधणारा आहे, खासगी संस्थेच्या कराराला नाही, असा तिथला रोख होता. म्हणजे इथे निवाडा मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे, आणि म्हणून प्रश्न धर्माचा होतो.

मालकाच्या बाजूचा सर्वांत गंभीर युक्तिवाद जैन विचारातून येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि तिला अनुमोदन देणे, या तिन्हींत दोष आहे. मग माझ्या फ्लॅटमध्ये मांस शिजत असेल आणि त्या फ्लॅटचे भाडे मी घेत असेन, तर ते अनुमोदन नव्हे काय? श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या पंधरा व्यवसायांत गाड्या-जनावरांनी भाड्याची वाहतूक करून मिळणाऱ्या उत्पन्नाचाही समावेश आहे. म्हणजे भाड्याच्या पैशात दुसऱ्याचे दुःख मिसळलेले असू शकते, ही जाणीव या परंपरेत पक्की आहे.

याच पेचावर आठव्या शतकातल्या कूफा शहराच्या इमाम अबू हनीफांचे उत्तर विलक्षण आहे. बिगरमुस्लिम वस्तीच्या भागात मुसलमानाने आपले घर अशा माणसाला भाड्याने दिले, की जो तिथे अग्निमंदिर किंवा चर्च करील किंवा दारू विकील, तर मालकावर दोष येतो का? अबू हनीफांचे म्हणणे असे, की करार घराच्या वापराचा आहे. ताबा दिला की भाडे देय होते, आणि ताबा देण्यात पाप नाही. पुढचे कृत्य भाडेकरूचे आहे, तो स्वतंत्र बुद्धीचा माणूस आहे, आणि त्याच्या निवडीने मालकाचा संबंध तुटतो. त्यांच्याच दोन शिष्यांना, अबू युसुफ आणि मुहम्मद यांना, हे पटले नाही. ‘हिदाया’ या ग्रंथात गुरू आणि शिष्य दोघांची मते नोंदलेली आहेत.

स्वतंत्र फ्लॅटपुरते बोलायचे तर अबू हनीफांचा तर्क अधिक भक्कम वाटतो. भाडेकरूच्या स्वयंपाकाला मालकाचे अनुमोदन मानायचे, तर मालकाने पगार दिलेल्या नोकराच्या जेवणालाही मानावे लागेल, आणि ज्या किराणा दुकानदाराकडून तो माल घेतो त्याच्या ताटालाही. ही साखळी कुठेच थांबत नाही. शिवाय अनुमोदनाची भीती खरी असेल तर ती जेवणापुरतीच का जागी होते, हेही विचारायला हवे. काळ्या पैशात डिपॉझिट मागणाऱ्याला असत्य आणि परिग्रह आठवत नाहीत. पण मालक राहतो त्याच घरातली खोली द्यायची असेल, स्वयंपाकघर एकच असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे दोघे एकाच चुलीवर जगणार आहेत आणि त्या चुलीचे नियम आधी सांगण्याचा हक्क मालकाला आहे. मात्र ते नियम वागणुकीचे असावेत आणि सर्वांना सारखे असावेत. आडनाव हा नियम होऊ शकत नाही. भाडेकरू पारखायचा तर उत्पन्नाचा पुरावा, आधीच्या मालकाचा अनुभव, राहणाऱ्यांची संख्या, किती काळ राहायचे आहे आणि पोलिसांकडे द्यायची माहिती एवढ्यावर पारखावा. भाडे बुडेल की नाही याबद्दल या पाच गोष्टी जे सांगतात ते जात-धर्म कधीच सांगत नाहीत.

भाडेकरू आत आल्यानंतरचा संयम हा वेगळाच गुण आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडे देऊन अटी पाळणाऱ्याला मुदतीत निर्वेधपणे जागा भोगता आली पाहिजे. दुसरी किल्ली खिशात आहे म्हणून न सांगता आत शिरणे, कोण येते-जाते याची वॉचमनकडे चौकशी करणे, मुलींना रात्री दहाची वेळ लावणे, हा सगळा ताबा दिल्यावरही ताबा न सोडण्याचा प्रकार आहे. आदर्श भाडेकरू कायद्यात मालकाने येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे असे म्हटले आहे. ही शिस्त कोणत्याही करारात एका ओळीत घालता येते. भाडेकरू जात नाही म्हणून पाणी किंवा वीज तोडणे तर १९९९ च्या कायद्याने थेट निषिद्ध आहे.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक वाद असा: भाडेकरूचा हक्क घरावर असतो की मालकाच्या शब्दावर? इमॅन्युएल कांटने आपल्या कायद्याच्या तत्त्वज्ञानात हा प्रश्न घेतला आणि उत्तर दिले, की भाडे हा दोन माणसांमधला करार आहे, घरावरचा हक्क नाही. म्हणून मालकाने घर विकले तर नव्या मालकावर तो बंधनकारक नाही, भाडेकरूने जुन्या मालकाकडे भरपाई मागावी. भारतातला मालमत्ता हस्तांतरण कायदा याच्या उलट आहे: घर विकत घेणारा जुन्या मालकाच्या जागी उभा राहतो आणि भाडेपट्टा चालू राहतो. पण महाराष्ट्रात बहुतेक घरे आज ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जातात, आणि तो भाडेपट्टा नव्हे, नुसती परवानगी. ती १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याखाली येते आणि नवा मालक तिने बांधला जात नाही. म्हणजे एकाच राज्यात कांट आणि त्याचा विरोधक दोघेही जिंकलेले आहेत, आणि आपण कोणाच्या बाजूला आहोत हे बऱ्याच भाडेकरूंना ठाऊक नसते. घर विकायचा विचार असलेल्या मालकाने करार करतानाच ते सांगणे हा त्याचा किमान धर्म.

करारही लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि महाराष्ट्रात नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आली; ती १९९९ च्या कायद्यानंतर इथे चालत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. लायसन्सची मुदत संपूनही जो जात नाही, त्याला मात्र दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

उरला तो मुंबईच्या जुन्या चाळींचा, पागडीचा प्रश्न. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि ती तिथेच राहिली. गिरणगावातली खोली शंभराहून कमी रुपयांत वापरणारा भाडेकरू आणि त्या भाड्यात छप्परही शाकारता न येणारा मालक, दोघेही एकाच कोसळत्या इमारतीत अडकले. दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा करून मंडळ स्थापावे लागले आणि १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. भाडी गोठवून ठेवणे काळाच्या ओघात मनमानी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात म्हटले. मालकावरचा हा अन्याय खरा होता. पण पागडी मोजून आलेल्या भाडेकरूचेही काही म्हणणे आहे: मालकाने एकदा मोठी रक्कम घेतलेली असते आणि तिचे व्याज तो पिढ्यान्‌पिढ्या खातो. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आलेल्या प्रकरणानुसार ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत इमारत संपादन करता येई. त्याविरुद्ध मालकांनी सुरू केलेली लढाई नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेली, आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. काही मालमत्ता तशा ठरू शकतात, हे दार मात्र उघडे राहिले.

जागा परत मागण्याचा हक्क मालकाला आहे. मुलाच्या लग्नामुळे किंवा निवृत्तीमुळे त्याची स्वतःची गरज खरी असू शकते. १९९९ च्या कायद्याने तिला ‘वाजवी आणि प्रामाणिक’ असण्याची अट घातली, आणि पुढे न्यायालयावर एक असे काम टाकले जे खरे तर नीतिशास्त्राचे आहे: ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास आणि न दिल्याने मालकाला होणारा त्रास, यांत मोठा कोणता, ते तोलणे. भाडेकरूला दुसरी जागा परवडते का, मालकाची दुसरी घरे आहेत का, हे सगळे तिथे मोजले जाते. आणि जागेचा एक भाग देऊन कोणालाच त्रास होत नसेल, तर न्यायालय तेवढ्याच भागाचा हुकूम देते: एक खोली मालकाला, दुसरीत भाडेकरू राहतो.